वाचा गेली, डोळे शाबूत: देवनागरी अक्षरतक्ता कसा आखावा?

निगडीकर

मोटर न्यूरॉन आजाराच्या (स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी निकामी होत जातात तो) पेशंटसाठी नजरेने चालवायचा तक्ता बनवते आहे. बोलणं जवळपास बंद, हाताची पकड गेलेली, डोळे आणि डोकं लख्ख. वाचन फक्त मराठी, त्यामुळे नेटवरचे तयार एबीसीडीचे तक्ते बाद. माझा आराखडा खाली देते, त्यातल्या चुका काढा.

३ मिमी जाडीची पारदर्शक ॲक्रिलिक शीट, ए-३ आकार (साधारण ४२ × ३० सेंमी). मधोमध १२ × १० सेंमीची खिडकी कापलेली; समोर बसलेला सोबती तिच्यातून पेशंटची नजर बघणार. खिडकीभोवती आठ गट. वर डावीकडून क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग. मध्ये डावीकडे त-वर्ग, उजवीकडे प-वर्ग. खाली य र ल व ळ, मग श स ह क्ष ज्ञ, शेवटी स्वर: अ आ इ उ ए ऐ ओ औ. ङ आणि ञ गाळलेत, ष हा श मध्येच, ऱ्हस्व-दीर्घ एकच.

एका अक्षराला दोन नजरा. पहिली गटाकडे. दुसरी, त्या गटातल्या आठ जागांपैकी ते अक्षर ज्या कोपऱ्यात किंवा बाजूला आहे, तक्त्याच्या त्याच कोपऱ्याकडे किंवा बाजूकडे. म्हणजे 'पाणी'ला प, आ, ण, ई अशा चार अक्षरांच्या आठ नजरा.

प्रश्न तीन. वर्णमालेचा क्रम ठेवावा की जास्त लागणारी अक्षरं हाताशी आणावीत? फोन-टॅबवर कधी जावं? आणि रात्री हाक मारायची काय सोय?

वाचाउपचार

तक्त्याआधी एक पायरी आहे आणि नव्वद टक्के घरांत तीच गाळली जाते: खात्रीचा 'हो' आणि खात्रीचा 'नाही'. पापणी लवणं यासाठी वापरू नका, ती आपोआपही लवते. 'हो' म्हणजे नजर वर, 'नाही' म्हणजे डोळे दोन सेकंद मिटून ठेवणं, असं ठरवा. मग उत्तर आपल्याला माहीत असलेले आठ-दहा प्रश्न विचारा, हो-नाही आलटूनपालटून. सलग पाच 'हो'चे प्रश्न विचारलेत तर कळणार काहीच नाही. उत्तराला दहा सेकंद थांबा. बहुतेक जण तीन सेकंदांतच प्रश्न बदलून विचारतात, आणि मग आलेलं उत्तर कोणत्या प्रश्नाचं हे कोणालाच कळत नाही.

दुसरं, हा तक्ता कोणासाठी नाही तेही लिहून ठेवते, कारण धागा इतरही वाचतील. पक्षाघातानंतर ज्यांची भाषाच बिघडली आहे (वाचाघात, ॲफेजिया), त्यांना अक्षरतक्ता देऊन उपयोग होत नाही. त्यांना शब्द सुचण्यात, अक्षरं जुळवण्यात अडचण असते. तक्ता पुढे धरला की 'यांना काही समजत नाही' असा घरच्यांचा समज होतो, तो चुकीचा असतो. तिथे फोटो, नकाशा, कॅलेंडर, लिहिलेले दोन-तीन पर्याय, हावभाव यांवर काम चालतं. जीभ, ओठ, घसा यांचे स्नायू कमजोर पण भाषा शाबूत, अशांसाठी अक्षरतक्ता.

तिसरं, मेंदूच्या देठातल्या झटक्याने सगळं शरीर लुळं पडलं असेल (लॉक्ड-इन), तर बहुधा नजर फक्त वर-खाली होते, डावी-उजवी होत नाही. त्यांना निगडीकरांचा तक्ता चालणार नाही. तिथे सोबत्याने अक्षरं मोठ्याने म्हणायची आणि पेशंटने खूण करून थांबवायचं. मोटर न्यूरॉनमध्ये मात्र डोळ्यांची हालचाल सहसा शेवटपर्यंत टिकते.

खटपट्या

आराखड्यात एक घोळ दिसतोय. 'हो' म्हणजे नजर वर, आणि तक्त्यावर वर मधोमध च-वर्ग. पेशंटने 'हो' म्हटलं की च-वर्ग निवडला, हे कसं ओळखणार? तक्ता हातात असताना 'हो' नकोच. सोबत्याने अक्षर मोठ्याने म्हणायचं. बरोबर असेल तर पेशंट पुढच्या अक्षराकडे जातो, चूक असेल तर डोळे मिटतो. निम्मा वेळ वाचतो.

आता सुतारकाम.

ॲक्रिलिक कापायच्या आधी जाड ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद) मार्करने तक्ता काढून आठवडाभर वापरा. गटांच्या जागा हमखास बदलतात आणि कापलेली खिडकी परत जोडता येत नाही. पक्का तक्ता करताना कडा पॉलिश पेपरने घासा, कोपरे गोल करा. तो तक्ता रोज कोणाच्या तरी चेहऱ्यासमोर येणार आहे.

अक्षराची उंची २५ ते ३० मिमी. शिरोरेघ सलग ओढू नका, अक्षरं सुटी दिसली पाहिजेत. घ-ध, भ-म, ब-व एकमेकांजवळ आले तर चष्म्याआडून गोंधळ होतो. भ-म एकाच गटात असल्याने त्यांना त्या गटात समोरासमोरच्या कोपऱ्यांत टाका.

अक्षरं पेशंटच्या बाजूने सुलट असतात म्हणजे सोबत्याला उलटी दिसतात. तेव्हा सोबत्याच्या बाजूने प्रत्येक अक्षरामागे तेच अक्षर सुलट चिकटवा. जागा बदलायची नाही, फक्त अक्षर सुलट करायचं. पुष्कळ जण मागची बाजू वेगळी छापून घेतात आणि पेशंटच्या डावीकडचा क-वर्ग मागून ट-वर्गावर बसतो.

अंतर ५० सेंमीच्या आसपास. सोबत्याचं नाक खिडकीच्या बरोबर मध्यात. तक्ता थोडा तिरका झाला तरी वरचा-मधला यातला फरक कळेनासा होतो. पेशंटच्या मागे खिडकी किंवा ट्यूबलाइट असेल तर तक्त्यावर चकाकी येते आणि अक्षरं पुसट होतात. पलंगाची दिशा बदलता येत नसेल तर पडदा ओढा. आणि अक्षरांकडे बघू नका, डोळ्यांकडे बघा. नवा माणूस नेमकं उलट करतो.

वाचाउपचार

खटपट्या, 'हो'बद्दल मान्य. भर घालते: दोन नजरांच्या मध्ये पेशंटने खिडकीतून सोबत्याच्या डोळ्यांकडे परत यायचं. क हे डावीकडच्या वरच्या गटातलं डावीकडचं वरचंच अक्षर असेल, तर दोन्ही नजरा एकाच जागी जातात. मध्ये परत आल्याशिवाय ती एक नजर की दोन, हे कळणार नाही. पहिली नजर पकडली की सोबत्याने 'हं' म्हणायचं.

काना_मात्रा

पहिल्या प्रश्नावर लिहितो. हा वाद इंग्रजी तक्त्यांवरून आलाय. तिथे एबीसीडीला आतून काही रचना नाही, म्हणून जास्त लागणारी अक्षरं पुढे आणण्यात शहाणपण. आपल्याकडे वर्ग आधीच पाडलेले आहेत आणि शाळेत घोकून डोक्यात बसलेले आहेत. ज्याला बाराखडी येते, त्याला 'ध कुठे आहे' हे शोधावं लागत नाही. नजरेच्या तक्त्यावर क्रम बदलून काही मिळतही नाही, कारण कोणतंही अक्षर दोनच नजरांत येतं. तिथे क्रम ठेवा.

सोबत्याने अक्षरं म्हणायची पद्धत (लॉक्ड-इनवाल्यांची, आणि रात्री अंधारात सगळ्यांचीच) वेगळी. तिथे मोजा. ओळी अशा: क, च, ट, त, प, य, श, स्वर. सोबती ओळींची नावं म्हणतो, पेशंट थांबवतो, मग त्या ओळीतली अक्षरं.

'पाणी': प पाचव्या ओळीत पहिला = ६ उच्चार. आ आठव्या ओळीत दुसरा = १०. ण = ८. ई = ११. एकूण ३५.

आता एकच नियम घाला: व्यंजन मिळालं की पुन्हा 'क-वर्ग?' पासून सुरू करायचं नाही, थेट 'अ, आ, इ, उ...' म्हणायचं. प ६, आ २, ण ८, ई ३. एकूण १९.

बिनमात्रेच्या शब्दाला थोडा तोटा होतो, कारण प्रत्येक व्यंजनानंतर 'अ'ला थांबवावं लागतं. 'गरम' साधेपणी २२, नियमाने २५. तीन गेले, पण पाणीसारख्या शब्दाला सोळा वाचले. मराठीत काना-वेलांटीशिवाय वाक्य पुढे सरकत नाही, म्हणून नियम ठेवावाच. नजरेच्या तक्त्यावर मात्र ठेवू नये; तिथे 'पाणी'ला दोन नजरा वाचतात पण 'गरम'ला तीन वाढतात.

निगडीकर

काना_मात्रा, हे भारीच. वाचनखूण साठवली. जोडाक्षरं आणि अनुस्वार कुठे टाकू? श गटात तीन जागा मोकळ्या आहेत.

काना_मात्रा

अनुस्वार तिथे टाका. 'नको'ला तो लागत नाही पण 'अंग', 'पंखा', 'थंडी'ला लागतो. जोडाक्षरासाठी जागा देऊ नका. प-उ-स-त-क आलं की कोणीही 'पुस्तक' वाचतो. ऱ्हस्व-दीर्घ, ष, रफार यांच्या मागे लागणारा सोबती पेशंटला दमवतो.

मोकळ्या राहिलेल्या दोन जागांत 'शब्द संपला' आणि 'चुकलं, मागचं अक्षर खोड' टाका. हे दोन नसतील तर पेशंट डोळे मिटतो आणि सोबती समजतो झोप आली.

हेमंतऋतू

काना_मात्रा, म्हणायच्या पद्धतीत ओळींचा क्रम तरी बदला की. त, य, क, प, श, च, ट असा. वर्गाच्या आतलं काही हलत नाही, फक्त वर्गांची रांग बदलते. 'करतो' तुमच्या क्रमाने २४ (क २, अ १, र ८, अ १, त ५, ओ ७), या क्रमाने १९.

काना_मात्रा

बरोबर, आणि 'पाणी' १९ वरून २२ वर जातं, कारण ट-वर्ग शेवटी गेला. एकेका शब्दावरून ठरणार नाही. पेशंटची वाक्यं वहीत लिहिली जाणारच आहेत. आठवड्याभराची वाक्यं घ्या आणि दोन्ही क्रमांनी मोजा. 'मला', 'नको', 'तो', 'येतो', 'राहू दे' यांचा भरणा असेल तर तुमचा क्रम जिंकेल असं मलाही वाटतं. पण एकदा ठरवलेला क्रम घरात सगळ्यांचा एकच हवा. दिवसा मुलगा एका क्रमाने आणि रात्री मावशी दुसऱ्या क्रमाने, हे नको.

रात्रपाळी

अक्षरं ठीक आहेत, पण घाईच्या वेळी अक्षरं लावायला उसंत नसते. तक्त्याच्या मागे किंवा पलंगाजवळ एक वाक्यांचा कागद हवा, आकडे घातलेला. माझी यादी:

लाळ ओढा. कूस बदला. मान उजवीकडे / डावीकडे. पायाखालची उशी. मास्क सैल करा. मास्क घट्ट करा. अंगाखाली सुरकुती आहे. खाजतंय (मग शरीराचं चित्र). डास. पंखा कमी. भीती वाटतेय, इथे बसा. दुखतंय.

यापुढची वाक्यं घरचे घालत नाहीत आणि पेशंटला तीच लागतात: थांब, माझं पूर्ण होऊ दे. तुझा अंदाज चुकला. पुन्हा पहिल्यापासून. मला वगळून बोलू नका. चेष्टा करत होतो. आता एकटं राहू द्या.

'दुखतंय'च्या शेजारी शरीराचं चित्र पुढून आणि पाठीमागून, दोन्ही हवं. सगळे पुढूनच काढतात. पलंगावरच्या माणसाला दुखतं ते माकडहाड, टाचा आणि कोपर.

आणि एका वेळी एकच प्रश्न. 'चहा घेणार की दूध, की आधी तोंड पुसू?' याला डोळ्यांनी कसं उत्तर देणार?

शब्दफलक

रात्रपाळी यांच्या यादीला जोडून. वाक्यं फोनवर किंवा चित्रतक्त्यावर घालताना लिंग-वचन पाहा. बाईच्या तक्त्यावर 'मी दमलो' छापलेलं पाहिलंय. तयार ॲपमध्ये 'मला' + चित्र + 'हवं' अशी जुळणी असेल तर 'मला चहा हवं', 'मला भाकरी हवं' असं निघतं. 'हवा-हवी-हवं'च्या ऐवजी 'पाहिजे' किंवा 'द्या' ठेवलं की बरंच निभावतं.

मुलांसाठी वाचणाऱ्यांकरता: सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलांना अक्षरतक्ता नको, चित्रं हवीत. आयआयटी मुंबईतून आलेलं 'जेलो' हे ॲप मोफत आहे आणि त्यात मराठी आहे. कडेला आवडतं-नावडतं, हो-नाही, जास्त-कमी अशी बटणं आणि मध्ये चित्रं. चेन्नईचं 'आवाज' विकतचं आहे. कागदी तक्ता करायचा तर स्पेनमधल्या आरागॉन सरकारचा 'आरासाक' चित्रसंग्रह मोफत उतरवता येतो (विक्रीसाठी वापरायला परवानगी नाही). त्यातला नाश्ता मात्र पावाचाच असतो. पोहे, वरणभात, तांब्या-भांडं यांचे फोटो घरच्याच भांड्यांचे काढा. आणि मुलाला तक्ता दिला की बोलणं येणारच नाही ही भीती काढून टाका, असं होत नाही.

तारायंत्र

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, फोन.

आधी आवाज. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, सुलभता, टेक्स्ट-टू-स्पीच (लिहिलेलं बोलून दाखवणं). इंजिन गूगलचं निवडा आणि त्याच्या सेटिंगमधून मराठीचा आवाज उतरवून घ्या, म्हणजे नेट नसताना चालतो. पुष्कळ फोनांत कंपनीचं स्वतःचं इंजिन निवडलेलं असतं. त्यात मराठी नसेल तर फोन गप्प बसतो किंवा हिंदी वळणाने वाचतो. लोक ॲपला शिव्या घालतात, दोष इंजिनाचा असतो. वेग ०.८ च्या आसपास ठेवा. वाक्यं बोलीत लिहा पण आकडे अक्षरांत: '८.३०' न लिहिता 'साडेआठ'. 'चमचा', 'जरा' यांतला च-ज कधी कधी तालव्य ऐकू येतो, त्यावर इलाज नाही, संदर्भाने कळतं.

निवड कशी करायची? अँड्रॉइडमध्ये 'स्विच ॲक्सेस' आहे. पडद्यावरच्या बटणांवरून चौकट आपोआप फिरते आणि पेशंटने एक कळ दाबली की तिथे थांबते. अँड्रॉइड १२ पासून कळीऐवजी चेहऱ्याची खूणही चालते: हसणं, तोंड उघडणं, भुवया उंचावणं, डावी-उजवी-वर नजर. मोटर न्यूरॉनमध्ये हसू आणि तोंड हे लवकर दगा देतात. भुवया किंवा नजर निवडा. चौकटीचा वेग सुरुवातीला दोन-अडीच सेकंद. एक सेकंद ठेवला की चुका वाढतात आणि माणूस चिडून सोडून देतो. कॅमेरा सतत चालू असल्याने फोन तापतो आणि बॅटरी उतरते, म्हणून चार्जर लावूनच ठेवा. आणि चेहऱ्यावर उजेड समोरून हवा.

आयफोन १२ किंवा पुढचा असेल तर आयओएस १८ (२०२४) पासून नजरेने पडदा चालवायची सोय फोनमध्येच आहे. फोन हातात धरायचा नाही, स्टँडवर, साधारण दीड फुटावर. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याने नजर पकडण्यात घोळ होतो. त्या अंतराचा एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. महागड्या नजरयंत्रांनाही हेच लागू, शिवाय थेट उन्हात त्यांचा इन्फ्रारेड आंधळा होतो.

तरी तक्ता ठेवाच. चार्जिंग, हँग होणं, सक्शन (यंत्राने लाळ ओढणं) चालू असताना पडद्यासमोरून सरकलेला चेहरा, या सगळ्यात तक्ताच चालतो.

वाचाउपचार

निगडीकर, तुम्ही 'जवळपास बंद' लिहिलंय. थोडाही आवाज शिल्लक असेल तर आजच त्यांची नेहमीची वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. वाक्यं पुस्तकी नकोत; नातवाला ज्या नावाने हाक मारतात ती, त्यांची ठेवणीतली शिवी, देवासमोरचं म्हणणं. शांत खोली, पंखा बंद, तोंडापासून वीतभर अंतर, प्रत्येक वाक्याची वेगळी फाइल, नाव मराठीत. सकाळी आवाज बरा असतो. पुढे फोनवरच्या बटणाला यंत्राच्या आवाजाऐवजी हीच फाइल जोडता येते.

उलट, शिक्षक-गाइड वापरतात तो कमरेचा लाउडस्पीकर आता घेऊ नका. आवाज बारीक पण शब्द स्पष्ट असतील (पार्किन्सनमध्ये बरेचदा) तर तो कामाचा. शब्दच बोबडे झाले असतील तर बोबडेपणा मोठ्याने ऐकू येतो, इतकंच.

गुळवेल

अवांतर होईल, पण स्वरयंत्र काढलेल्यांनाही हेच का? कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचं विचारतोय.

वाचाउपचार

नाही. त्यांची जीभ, ओठ शाबूत असतात, फक्त आवाजाचा उगम गेलेला असतो. गळ्याला लावायचं इलेक्ट्रोलॅरिन्क्स, किंवा श्वासनलिका-अन्ननलिकेमधला झडपेचा कृत्रिम अवयव. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे गळा सुजलेला असतो, यंत्र टेकवता येत नाही; तेव्हा यंत्राला तोंडात धरायची नळी जोडतात. ती सोबत आली आहे का, हे घेतानाच बघा. पुढचं वेगळ्या धाग्यात बोलू.

खटपट्या

राहिली हाकेची सोय. बाजारातली वायरलेस डोअरबेल घ्या. सॉकेटमध्ये लागणारा घंटेचा भाग सोबत्याच्या खोलीत, बटणाचा भाग पेशंटजवळ. ते बटण कमजोर हाताला दाबत नाही, म्हणून त्याला समांतर दुसरी कळ जोडायची.

लागेल काय: लांब पट्टीचा मायक्रोस्विच (हलक्या दाबाने लागणारी छोटी कळ), दीड मीटर दोन तारांची केबल, सोल्डर, उष्णतेने आकसणारी नळी. बटण उघडा. आतल्या छोट्या चौकोनी स्विचला चार पाय असतात, त्यातले दोन-दोन आतून जोडलेलेच असतात; म्हणून तारा कर्णाच्या दोन पायांना लावा. शेजारचे पाय धरलेत आणि ते आतून जोडलेलेच निघाले तर कळ दाबूनही घंटा वाजणार नाही. दुसऱ्या टोकाला मायक्रोस्विचच्या सीओएम (सामाईक) आणि एनओ (दाबल्यावरच जोडलं जाणारं) या टोकांना. एनसीला लावलं तर न दाबता वाजेल आणि दाबल्यावर थांबेल. सोल्डरवर ताण येऊ नये म्हणून केबलला बटणाच्या डबीतच एक गाठ मारा. तुटते ती नेहमी तिथेच.

कळ कुठे? जो स्नायू उद्याही चालेल तिथे. बोटाची ताकद जात असेल तर गालाशेजारी उशीवर, मान किंचित वळवली की लागेल अशी. लवचिक मोबाइल स्टँडच्या मानेला बसवता येते, पण क्लँप पलंगाच्या कठड्याला लावा, टेबलाला नको. कूस बदलताना टेबल जागेवर राहतं आणि माणूस सरकतो.

तारायंत्र

हीच कळ फोनलाही चालवता येते. स्वस्त यूएसबी नंबरपॅड उघडून एंटर कळीच्या दोन टोकांना तारा लावा, ओटीजीने (फोनला यूएसबी वस्तू जोडायची केबल) फोनला जोडा आणि स्विच ॲक्सेसमध्ये ती कळ नेमा. सेल्फीचं ब्लूटूथ बटणही चालतं, पण ते काही मिनिटांनी झोपी जातं आणि पहिली दाब जागं करण्यातच जाते. ओटीजी लावल्यावर चार्जिंग बंद होत असेल तर चार्जिंगसकट चालणारा हब घ्या.

रात्रपाळी

घंटेबद्दल एक. पेशंटची जागा बदलली, स्पंज केला, चादर बदलली, की कळ पुन्हा जागेवर आहे का ते दाबून घ्यायला लावा. खोलीतून बाहेर पडायच्या आधी. सोबती बदलतानाच्या कागदावर औषधांच्या खाली ही ओळ घाला: 'घंटा वाजवून पाहिली.'

निगडीकर

सगळं घेतलं. ओएचपी शीटचा दुसरा तक्ता करते: श गटात अनुस्वार, 'शब्द संपला', 'खोड', भ-म समोरासमोर. एकच शंका: चष्मा लावून पलंगावर अर्धवट बसल्यावर खालची ओळ गालाआड जाते आणि पापण्या इतक्या खाली येतात की नजर दिसत नाही.

खटपट्या

तक्ता चार-पाच सेंमी वर धरा, खिडकी भुवयांच्या रेषेत येऊ द्या. तरीही नाही जमलं तर खालची मधली जागा सोडा, सातच गट ठेवा. क्ष आणि ज्ञ गाळा, श-स-ह आणि अनुस्वार च-वर्गाच्या रिकाम्या जागांत हलवा. च छ ज झ धरून बरोबर आठ होतात. 'शब्द संपला' आणि 'खोड' क-वर्गात.